भिंतीच्या अलीकडे आमचं काय

२ मार्च, सोमवार

थोर माणसं दैनंदिनी लिहितात म्हणे. आजवर माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नव्हतं, आज आहे. शिलाई मशीन बनवणारी एक बडी कंपनी आमची कंपनी विकत घ्यायच्या विचारात आहे. पुढेमागे आत्मचरित्र लिहायची वेळ आली तर हे दिवस टिपून ठेवलेले बरे.

आमची कंपनी म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि पाच माणसं. पण माल खणखणीत. नाव 'कटमास्टर गोल्ड'. शर्टाच्या कारखान्यात कापडावर बाह्या, कॉलर, पाठ, खिसे कसे मांडले तर कापड कमीत कमी वाया जाईल, हे आमचा प्रोग्रॅम पडद्यावर मांडून दाखवतो. तुकडा उभ्या धाग्यानंच ठेवावा लागतो, नाहीतर शर्ट दुसऱ्या धुण्यात तिरका होतो. तेही त्याला कळतं. मुरलेला कटिंग मास्टर ज्याला अर्धा दिवस घेईल, ते काम चहा निवायच्या आत होतं.

मशीनवाल्यांचे साहेब स्वतः आले होते. डोक्यावर केस कमी, तोंडात शब्द त्याहून कमी. "कल्पना कशी सुचली?" म्हणाले. मी म्हटलं, आंघोळ करताना. साहेबांनी वहीत लिहून घेतलं.

घरी येऊन बातमी दिली तेव्हा ही फोनवर होती. कुठल्यातरी कारखान्यातल्या मास्टरला डावा आणि उजवा खिसा प्रोग्रॅमला वेगळे कसे कळवायचे ते सांगत होती. ग्राहकांचे फोन मी हिच्याकडे वळवलेत, दुपारचं हिला तसं काही काम नसतं. फोन ठेवून म्हणाली, "छान झालं. पण विकत नेमकं काय घेणार आहेत?" आता हिला धंद्यातलं काय समजावायचं!

५ मार्च, गुरुवार

मशीनवाल्यांनी चाळीस प्रश्नांचा कागद पाठवलाय. एकोणचाळीस किरकोळ. एकात विचारलंय, तुमच्या प्रोग्रॅममध्ये दुसऱ्या कुणी लिहिलेला भाग आहे का, आणि असल्यास तो कोणत्या लायसन्सखाली आहे? मी नकारघंटेला म्हटलं, "लिही, नाही."

नकारघंटा म्हणजे आमचा प्रोग्रॅमर. नऊ वर्षं आमच्याकडे आहे. कुठलीही गोष्ट सांगा, आधी 'नाही सर' म्हणतो आणि मग कारण शोधतो. दुःख एवढंच, की कारण त्याला दर वेळी सापडतं.

"नाही सर," तो म्हणाला. "म्हणजे 'नाही' असं लिहिता येणार नाही. आत बेतणी आहे ना."

बेतणी हा हिचा प्रोग्रॅम. माझे सासरे शिंपी. लग्नाआधी ही गणित शिकत होती, तेव्हा त्यांच्या टेबलाच्या कडेला बसून हिनं कापड बेतायचा प्रोग्रॅम लिहिला आणि इंटरनेटवर फुकट टाकून दिला. कटमास्टर गोल्डच्या पोटात मांडणी करायला तोच बसवलाय. बाकी सगळं आमचं.

"अरे, बायकोचं म्हणजे घरचंच की," मी म्हटलं.

"घरचं नाही सर, सगळ्यांचं. बाईंनी ते कॉपीलेफ्ट लायसन्सखाली दिलंय. कुणीही घ्या, वापरा, बदला, विकासुद्धा. पण पुढे ज्याला द्याल त्यालाही तेच सगळे हक्क द्यायचे, कोडसकट. आणि त्याला आपलं काही जोडून एकच प्रोग्रॅम केला, तर आपला भागही त्याच अटीत जातो."

"मग आपण कुठं एकच केलाय?"

"एकजीव केलाय सर. तुम्हीच सांगितलं होतं, सांधा दिसता कामा नये."

अकरा वर्षं कुणी विचारलं नाही, आणि आता लग्न ठरायच्या दिवशी मुलाच्या जुन्या भानगडी निघाव्यात तसं झालं. आणि फुकट द्यायचं तर नीट फुकट द्यावं ना! वर अट कसली?

८ मार्च, रविवार

व्यापाराच्या साप्ताहिकात आमची बातमी आली. मथळा, 'आंघोळीत सुचलेली क्रांती'. माझा फोटो, पोट आत घेतलेला. खाली लिहिलंय, 'मांडणीचं गणित संस्थापकांनी स्वतः रचलं.' मी अगदी असं म्हटलं नव्हतं. पण नाही असंही म्हटलं नव्हतं.

हिनं बातमी वाचली, कात्री आणली, कडा अगदी सरळ कापल्या आणि कात्रण फ्रिजवर चिकटवलं. एक शब्द बोलली नाही. अभिमान वाटला की माणूस असाच गप्प होतो. मला भरून आलं.

९ मार्च, सोमवार

वकीलबाईंकडे गेलो. फार हुशार बाई, समोरच्याला कळेल असं बोलतात. हे वकिलाला शोभत नाही, पण असो.

म्हणाल्या, रस्ते तीन. पहिला, लायसन्सची अट पाळा आणि तुमचा सगळा कोड ग्राहकांना देऊन टाका. मी म्हटलं, मग मशीनवाले विकत काय घेणार, सायकलच्या दुकानावरचं छप्पर? दुसरा रस्ता, मूळ लेखकाकडून तुमच्यापुरती वेगळी परवानगी लिहून घ्या. "हा सर्वात सोपा. लेखक सापडेल का?"

"अवघड आहे," मी म्हटलं.

"किती अवघड?"

"फारच."

सकाळी हिनंच डबा दिला होता, तो मांडीवर होता. पण वकीलबाईंना काय सांगणार? साहेबांना आंघोळ सांगून बसलोय, पेपरात फोटो आलाय. आता बायकोची सही घेऊन गेलो तर सगळीकडे हसं. शिवाय हिला विचारायचं म्हणजे हिच्याकडे मागायचं. ते मला कधी जमलेलं नाही, हे इथं खरं लिहितो.

तिसरा रस्ता भिंतीचा. बेतणी वेगळा प्रोग्रॅम म्हणून बाजूला ठेवायची आणि आमचा प्रोग्रॅम वेगळा. मध्ये फक्त निरोपाची देवाणघेवाण. आमच्याकडून चिठ्ठी जाणार, "एवढं कापड, हे तुकडे, मांडून दे." तिकडून मांडणी येणार. दोघं लांबून बोलणारे शेजारी असतील, तर शेजाऱ्याची अट आपल्याला लागत नाही. बेतणीपुरता कोड दिला की झालं. मी म्हटलं, भिंत बांधा!

गंमत बाजूला ठेवून एक लिहून ठेवतो. जुने कारखाने एकेक करून बंद होताहेत. हा व्यवहार फिसकटला तर पुढचं वर्ष निघत नाही. पाच माणसांचे पगार माझ्या डोक्यावर आहेत. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, हिलाही नाही.

१० मार्च, मंगळवार

नकारघंटेला भिंत सांगितली. "नाही सर," म्हणाला, आणि बांधायला बसला.

घरी फ्रिजवर कात्रणाच्या खाली चिठ्ठी. "जेवण झाकून ठेवलंय. वडिलांकडे जाते आहे. गुरुवारी येईन." मीही खाली लिहिलं, "ठीक." शांतपणे जेवलो. काय सुटसुटीत पद्धत आहे! निरोप तिकडून आला, उत्तर इकडून गेलं, कुणाला कुणाच्या पोटात शिरायला नको. वीस वर्षं उगाच बोलत बसलो.

१३ मार्च, शुक्रवार

नकारघंटेनं भिंतवाला प्रोग्रॅम तपासायला एका कारखान्याला दिला आणि वर कारणही सांगितलं. खरं बोलायची खोड आहे त्याला. तासाभरात कारखान्याच्या मालकाचा फोन. घाबराघुबरा. त्याचं म्हणणं, फुकटच्या प्रोग्रॅमवर बेतलेले शर्ट आता फुकट वाटावे लागणार का? तीन हजार शर्ट गाडीत भरून तयार उभे होते.

मलाही धस्स झालं. पण फोन हिच्याकडे वळलेला, ही वडिलांकडून परतली होती. हिनं हसून सांगितलं, "अहो, पेन्सिल कुणाचीही असो, तुम्ही काढलेलं चित्र तुमचंच. अट प्रोग्रॅमला आहे, शर्टांना नाही. गाडी सोडा." गाडी सुटली. हिला हे सगळं कुठून ठाऊक कोण जाणे. वाचत असते काहीतरी.

मग मला म्हणाली, "भिंत कशाला बांधतोयस?"

"तांत्रिक सुधारणा आहे," मी म्हटलं.

"बरं," म्हणाली. एवढंच. मला वाटलं होतं आणखी विचारेल. विचारलं असतं तर कदाचित मी सांगितलंही असतं.

१७ मार्च, मंगळवार

वकीलबाईंनी भिंत पाहिली आणि नापास केली.

म्हणाल्या, भिंत नुसती असून भागत नाही, तिच्यातून काय जातं ते बघतात. "एवढं कापड, हे तुकडे" एवढं साधं गेलं तर दोन वेगळे प्रोग्रॅम. तुमच्याकडून तर बेतणीच्या पोटातली सगळी गुपितं इकडून तिकडे चाललीत. कुठल्या तुकड्याला वळवायचं, कुठला उलटा चालेल, कापडातला डाग कुठं आहे, हे सगळं तिच्याच आतल्या भाषेत. "एकाच घरात मध्ये पडदा लावलाय तुम्ही. कोर्टात मी उद्या याला दोन घरं कसं म्हणू?"

म्हणजे ज्या ज्या भागाला बेतणीचं आतलं ठाऊक आहे, तो तो उचलून पलीकडे ढकलायचा. पलीकडे गेला की त्याचा कोड खुला. मी नकारघंटेला म्हटलं, "ढकल. लागेल तेवढं ढकल. आपल्याकडे काय कमी आहे?"

पहिल्यांदाच तो 'नाही सर' म्हणाला नाही. ढकलायला बसला.

२० मार्च, शुक्रवार

भिंत पास झाली! वकीलबाई म्हणाल्या, आता हे शंभर टक्के दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत, मी कुठल्याही कोर्टात छाती ठोकून सांगेन. पेढे मागवणार होतो, तेवढ्यात नकारघंटेनं फळ्यावर यादी लिहिली. भिंतीच्या अलीकडे, आमच्या बाजूला काय काय उरलं ते.

एक, आमचं चिन्ह, फिरणारं. दोन, पासवर्ड विचारणारी खिडकी. तीन, लायसन्सची मुदत संपली की प्रोग्रॅम बंद पाडणारं कुलूप. चार, सकाळी उघडल्यावर 'सुप्रभात' म्हणणारा माझा फोटो.

"आणि?" मी म्हटलं.

"एवढंच सर. फोटो तसा मोठा आहे, जागा बरीच घेतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दहा दिवस राबून, वकिलाची फी भरून, आमचं काहीच नाही हे आम्ही कायदेशीररीत्या सिद्ध केलं. मी म्हटलं, धागा ओळखणं आमचं होतं ना? म्हणाला, बाईंनी केलं. डाग टाळणं? बाईंनी, चार वर्षांपूर्वी, एका कारखान्यातून फोन आल्यावर. छापायचं? ते कुणीतरी परदेशातल्यानं बेतणीत घातलं, आपण उचललं. अरे मग नऊ वर्षं तू काय करत होतास? "मी जोडत होतो सर. आणि तुम्ही सांगायचात तसे रंग बदलत होतो."

मला त्याचा राग आला. मग माझाच आला. मग भूक लागली, म्हणून घरी आलो.

२४ मार्च, मंगळवार

आजचं कसं लिहू कळत नाही. पण लिहायचंच ठरवलंय तर लिहितो.

साहेब आले, सोबत त्यांची एक तज्ज्ञ बाई. नकारघंटेनं प्रोग्रॅम दाखवला, मी चिन्ह फिरवून दाखवलं. तज्ज्ञ बाईंनी भिंतीपलीकडच्या फायली उघडून पाहिल्या आणि म्हणाल्या, "बेतणीच्या मूळ प्रतीत लेखकांच्या नावांची एक फाईल असते. तुमच्या प्रतीत ती दिसत नाही. ती काढायला परवानगी नाहीये."

ती मीच काढली होती. पहिल्याच वर्षी. एका ग्राहकानं विचारलं होतं, हे कुणा बाईचं नाव आहे वर? मला ते बरं दिसलं नाही. पहिलं नाव हिचं होतं, माहेरचं. त्याखाली बघायला मी थांबलो नव्हतो. पडदा स्वच्छ दिसावा म्हणून काढली, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं आणि मला ते पटलंही होतं.

"चुकून गेली असेल," मी म्हटलं.

नकारघंटा खिडकीबाहेर बघत होता.

तज्ज्ञ बाई म्हणाल्या, "आमचं त्या लेखिकेशी दोन वर्षं पत्रानं बोलणं आहे. आमच्या कापड कापायच्या मशीनला मांडणी जुळत नव्हती, त्यांनी आठवड्यात करून दिली. पैसे विचारले तर म्हणाल्या, केलेला बदल सगळ्यांसाठी खुला ठेवा, झालं."

मग साहेब पहिल्यांदाच हसले. "तुम्ही ओळखता का हो त्यांना?"

मी म्हटलं, "ऐकून आहे."

देवा! एका संसाराची दोन शब्दांत वाट लावली मी. नकारघंटेनं माझ्याकडे असं पाहिलं की मला त्याला नोकरीवरून काढावंसं वाटलं, आणि ते शक्य नाही, कारण तो गेला तर चिन्हही फिरायचं नाही.

साहेब जाता जाता म्हणाले, भिंत-बिंत राहू द्या. लेखिकेची सहीनिशी परवानगी शुक्रवारपर्यंत आणा, व्यवहार करू. नाहीतर आम्ही आमचं बघू.

२५ मार्च, बुधवार

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आज हिच्याकडे गेलो. म्हणजे दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात.

ही मटार सोलत होती. मीही चार शेंगा उचलल्या. इकडचं तिकडचं बोललो. सासऱ्यांच्या डोळ्यांची चौकशी केली. मग म्हटलं, "एक सही हवी होती."

हिनं हात पुसले, कागद घेतला आणि वाचला. सगळा. मागचं पानसुद्धा. आमच्याकडे कागद असे कुणी वाचत नाही.

"हे मला एकटीला देता येत नाही," म्हणाली. "बेतणीत अकरा जणांचं काम आहे. माझ्या भागापुरती मी देईन, बाकीच्यांचं मी कसं देणार?"

"पण तुझंच आहे ना ते?"

"सुरुवात माझी. पुढचं ज्याचं त्याचं."

"मग विचार ना त्यांना. तुझं ऐकतील."

"विचारते," म्हणाली. ना राग, ना टोमणा. मी इतका तयारीनं गेलो होतो! आरडाओरडा झाला असता तर मला उत्तर देता आलं असतं. शेवटी मीच म्हटलं, "ते पेपरातलं... आंघोळीचं... ते पत्रकारांनी वाढवून लिहिलं."

"हो का?" म्हणाली, आणि मटार धुवायला घेतले. फ्रिजवर कात्रण तसंच होतं. कडा इतक्या सरळ कापलेल्या की मला पहिल्यांदाच त्याची भीती वाटली.

२७ मार्च, शुक्रवार

दोन दिवसांत हिनं दहा जणांना पत्रं लिहिली. नऊ उत्तरं आली. सहा जण हो म्हणाले, हिच्या शब्दाखातर. एक शिवणकाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आमच्या मुली फुकट शिकतात त्यावर, कुणाला बंद करून विकायला मी माझा भाग देणार नाही. दोघांनी त्यांच्यामागे बोट वर केलं. दहाव्याचं पत्र त्याच्या मुलानं पाहिलं. बाप वारला दोन वर्षांपूर्वी. बाह्यांच्या जोड्या लावायचं गणित त्याचं होतं. मुलगा म्हणतो, बाबांना काय हवं होतं ते त्यांनी लायसन्समध्ये लिहून ठेवलंय, मी वेगळं काय सांगू?

ते पत्र वाचताना हिचे डोळे भरले. त्या माणसाला ही कधी भेटली नव्हती. बारा वर्षं दोघं बाह्यांवरून भांडत होते म्हणे. मला हा माणूस आहे हेच माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "मग आता काय?"

"आता काही नाही. कुणाच्या परवानगीची गरजच नाहीये. अट पाळ. नावांची फाईल परत ठेव, कोड ग्राहकांना दे, आणि खुशाल विक. शिकवायचे पैसे घे, फोनचे घे, दुरुस्तीचे घे. कोण नाही म्हणतंय?"

"कोड देऊन टाकल्यावर आमच्याकडे राहिलं काय?"

"हे मी तुला पहिल्या दिवशी विचारलं होतं," ही म्हणाली.

राग इतका आला की मी दार आपटून बाहेर पडलो. रस्त्यावर उभा राहिल्यावर लक्षात आलं की चपला घातल्या नाहीत, आणि परत जावं लागलं.

३ एप्रिल, शुक्रवार

मशीनवाल्यांचं पत्र. अगदी सभ्य. ते बेतणी थेट घेणार, तिच्या अटींप्रमाणे, आणि त्यांनी केलेले बदल खुले ठेवणार. त्यांना मशीन विकायचंय, त्यामुळे प्रोग्रॅम झाकून ठेवायची त्यांना गरज नाही. आमच्या कंपनीत आमच्या बाजूला जे आहे ते त्यांनी 'काळजीपूर्वक तपासलं', आणि त्यांना त्याची आवश्यकता वाटली नाही. संस्थापकांना शुभेच्छा.

हिलाही पत्र आलं. नोकरीचं. बेतणी सांभाळायची, स्वतःची खोली, हाताखाली दोन माणसं. ही हो म्हणाली. सोमवारपासून. "बोलली नाहीस मला," मी म्हटलं. "फ्रिजवर चिठ्ठी लावली होती," म्हणाली. खरंच लावली होती. मी 'ठीक' असं लिहिलंसुद्धा होतं, न वाचता.

पाच माणसांना खोलीत बोलावून खरं सांगितलं. हिनं सांगितलेला रस्ता सांगितला. कोड खुला करायचा आणि कामाचे पैसे घ्यायचे. वाटलं होतं, सगळे उठून जातील. नकारघंटा म्हणाला, "हो सर." नऊ वर्षांत पहिल्यांदा.

६ एप्रिल, सोमवार

ही सकाळी कामावर गेली. फोन आता माझ्याकडे. पहिलाच फोन, "बाईंना द्या." म्हटलं, बाई नाहीत, मी संस्थापक बोलतोय. "मग राहू द्या," म्हणाला आणि ठेवला. दुपारपर्यंत असे अकरा. बाराव्याला मी निदान थांबवून धरलं आणि उभा धागा म्हणजे काय ते नकारघंटेला विचारून विचारून सांगितलं. त्याला समजलं असावं. मला अर्धं समजलं.

आम्ही अकरा वर्षं अट मोडली त्याबद्दल हिनं बेतणीच्या सगळ्या लेखकांना लिहिलं होतं, आता नीट देताहेत, मागचं सोडून द्या म्हणून. सोडलं त्यांनी. शिवणवाल्या बाईंनीही.

तर आज नावांची फाईल परत ठेवायची होती. नकारघंटा म्हणाला, "तुम्हीच ठेवा सर, तुम्हीच काढली होती." ठेवण्याआधी उघडली. नावं बारा निघाली, ही तर अकरा म्हणाली होती. पहिलं हिचं. दुसरं माझं.

माझं, वडिलांच्या नावासकट. पुढे एक ओळ, 'कापडाची किनार सोडायची राहते, ही चूक यांनी दाखवून दिली.' लग्न ठरलं त्या साली सासऱ्यांच्या दुकानात उभ्या उभ्या म्हणालो असेन काहीतरी. मला आठवतही नव्हतं. साहेबांनी ही यादी वाचली होती. ओळखता का, असं ते हसून का विचारत होते ते आता कळलं, आणि मी कान लाल करून एकटाच बसून राहिलो.

संध्याकाळी ही आली. दमलेली, पण चेहरा उजळलेला. मी दारातच विचारलं, "बारावा माणूस मी आहे होय? मग माझी सही का नाही घेतलीस?"

"तू कोड लिहिला नाहीस. चूक सांगितलीस. त्याला सही लागत नाही, पण नाव लावायचा नियम आहे."

"मी तुझं नाव काढलं, आणि तू माझं अकरा वर्षं तसंच ठेवलंस?"

"चूक खरी होती, तूच दाखवलीस. मग नाव राहणारच."

मी हिच्या मागोमाग आत आलो. म्हटलं, "नियम-बियम सोड गं. प्रेमानं ठेवलंस, असं म्हण की."

हिनं पर्स खुंटीला अडकवली. फ्रिजवरचं कात्रण काढलं, चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिलं.

"प्रेमानं ठेवलं असतं, तर नाव केव्हाच काढलं असतं," म्हणाली.